कोकिळा धांदरट नव्हती

"लय धांदरट होती बिचारी," बबनराव म्हणाले, आणि समई घासता घासता कौसल्याचा हात थांबला. तसं पाहिलं तर थांबण्यासारखं काही घडलं नव्हतं. आषाढी अवस होती, जिवतीचा दिवस. नंदानं घरातले सगळे दिवे मागच्या ओट्यावर काढून ठेवले होते: दोन समया, निरांजनं, लामणदिवा, गेल्या दिवाळीतल्या तेलकट पणत्या. चिंचेचा कोळ आणि रांगोळीची भुकटी घेऊन कौसल्या सकाळपासून ते घासत बसली होती. नंदा तिच्या मोठ्या बहिणीची, कोकिळाची मुलगी. यवतमाळात दोघींची घरं रिक्षानं दहा मिनिटांच्या अंतरावर, आणि दिव्यांच्या अवसेला मावशीनं येऊन दिवे घासून द्यायचे हे दरवर्षीचं ठरलेलं. यंदा फरक एवढाच की नंदाचे वडील, बबनराव, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दिग्रसहून येऊन राहिले होते आणि काळा चष्मा लावून दारातल्या खुर्चीवर बसले होते. नंदाच्या मुलीनं, सलोनीनं, मोबाईलवर पाहून एक नवाच कंदील मागवला होता, जुना दिसावा म्हणून मुद्दाम गंज चढवलेला. त्याचा व्हिडिओ काढताना तेल कमी आहे असं तिच्या लक्षात आलं आणि तिनं जळत्या कंदिलाचं बूच काढून वरून बाटली तिरपी केली. नंदा स्वयंपाकघरातून ओरडत आली. "विझव आधी! पेटत्या दिव्यात तेल टाकते काय कोणी? तुही आजी अशीच गेली, माहीत नाही तुले? चिमणी लवंडून." सलोनीनं घाबरून बाटली खाली ठेवली. मग खुर्चीतून ते वाक्य आलं, जेवल्यावर सुपारी तोंडात टाकावी तितक्या सहज. लय धांदरट होती बिचारी.

कौसल्यानं समई पुन्हा घासायला घेतली.  हा शब्द तिनं पूर्वीही ऐकला होता. कोणाच्या तेरवीत, कोणाच्या लग्नाच्या पंगतीत, ओझरता. पण नंदाच्या तोंडून, आपल्या पोरीला शहाणपण शिकवायला काढलेलं उदाहरण म्हणून, तो कधी ऐकला नव्हता. म्हणजे कोकिळाचं आता एवढंच उरलं. एक नात तिच्या नावानं दिव्यापासून लांब राहायला शिकणार. कोकिळाच्या नावानं! घाटंजीला त्यांच्या गल्लीत विजेचे खांब आले नव्हते तेव्हा घरात एक कंदील आणि रॉकेलच्या दोन चिमण्या होत्या, आणि त्या तिन्हींवर कोकिळाचं राज्य होतं. बाप आरामशीनवर, माय दुसऱ्याच्या वावरात; दिवेलागणीची जबाबदारी दोघी बहिणींची, म्हणजे खरं तर कोकिळाचीच, कारण चार वर्षांनी लहान कौसल्याला ती नुसतं समोर बसू द्यायची. उन्हं असतानाच तेल भरायचं, अंधार पडल्यावर नाही. भरताना नरसाळं पाहिजेच. बूच घट्ट लावून चिमणी एकदा आडवी करून पाहायची, थेंब येतो का ते. मग फडक्यानं बुडापासून वरपर्यंत पुसायची आणि ते फडकं चुलीजवळ नाही, बाहेर तारेवर टाकायचं. वात कात्रीनं सरळ कापायची आणि तिचे दोन्ही कोपरे किंचित उडवायचे, म्हणजे ज्योत कान काढत नाही, काजळी धरत नाही. कंदिलाची काच चाळलेल्या राखेनं, आत जाईल अशा लहान हातानं पुसायची. ते एक काम कौसल्याचं, कारण तिचा हात लहान. "काच गरम असन तं हात नको लावू. आणि फुंकर वरून नको मारू व, आधी वात खाली घे," असं कोकिळा सांगायची, शाळेतल्या बाईंसारखी. तेरा वर्षांची होती. शेजारच्या घरात चिमणी भडकली तेव्हा मोठी माणसं पाण्याची बादली घेऊन धावली, तर हिनं ओलं पोतं नेऊन टाकलं. रॉकेलवर पाणी टाकू नये हे तिला कुठून माहीत होतं कोण जाणे. आणि ती धांदरट.

पुढं कौसल्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचराची नोकरी लागली. तेहतीस वर्षं. टेबलावर ओळीनं मांडलेले स्पिरिटचे दिवे, त्यांच्या वाती, त्यांची झाकणं. दर वर्षी नवीन पोरं यायची आणि दर वर्षी कोणीतरी एका दिव्यावर दुसरा दिवा पेटवायला वाकायचं, आणि कौसल्या जिथं असेल तिथून ओरडायची. तेहतीस वर्षांत एकाही पोराचं बोट भाजलं नाही. निरोपाच्या दिवशी विभागाच्या सरांनी भाषणात ते मुद्दाम सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि कौसल्याला शाल अंगावर असताना असं वाटलं की उठून सांगावं, हे माझं नाही, हे माझ्या बहिणीनं शिकवलं, ती एकवीस वर्षांची असताना भाजून मेली आणि सरकारी कागदावर असं लिहिलं आहे की तिला दिवा सांभाळता आला नाही. ती उठली नाही. नारळ घेऊन घरी आली.

कागदावर काय लिहिलं होतं ते तिला पाठ होतं. ते लिहिताना ती तिथंच होती, वॉर्डाच्या खिडकीशी. कोकिळाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, नंदा अकरा महिन्यांची होती. त्याच वर्षीच्या संक्रांतीला कोकिळा माहेरी आली तेव्हा परत जाताना तिनं दाराची चौकट धरून ठेवली होती. "बाबा, मले तिकडं नको धाडू," एवढंच म्हणाली. का ते सांगितलं नाही. पाठीवर वळ होते, ते आंघोळीच्या वेळी कौसल्यानं पाहिले होते. बापानं तिचा हात चौकटीवरून सोडवला. हलकेच सोडवला, एकेक बोट, आणि बसमध्ये बसवून आला. सत्तावीस दिवसांनी निरोप आला की यवतमाळला दवाखान्यात या. तिथं लोखंडी पिंजऱ्यावर पांढरी चादर आणि त्याखाली कोकिळा. जबानी घ्यायला साहेब आला, सोबत एक जमादार. पलंगाच्या पायथ्याशी सासू उभी होती, कडेवर नंदा. साहेब दर प्रश्नानंतर थांबायचा, आणि कोकिळा दर उत्तराआधी पायथ्याकडे पाहायची, आणि नंदा भूक लागून रडत होती. कागदावर उतरलं ते असं: स्वयंपाक करताना माझ्या हलगर्जीपणामुळे पेटती चिमणी अंगावर लवंडली. माझा कोणावर संशय नाही. हातांची बोटं भाजली होती म्हणून सातवी शिकलेल्या कोकिळाच्या पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला. जमादारानं शाईचं पॅड पायाला लावलं तेव्हा तिचा पाय दचकला, तेवढाच एक भाग न भाजलेला. साहेब गेला, सासू पोरीला दूध पाजायला बाहेर गेली, आणि कोकिळा म्हणाली, "कौसे, चिमणी पडली नाही व."

"मंग?"

"अंगावर रॉकेल आलं. मंग काडी."

"कोनं?"

कोकिळानं डोळे मिटले. "त्यायनं," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव तेव्हाही घेतलं नाही.  मग म्हणाली, "तू बोलू नको. नंदी त्यायच्यापाशी हाय. ते मोठी होईलोक बोलू नको." दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. तिसऱ्या दिवशी त्या घरी सगळे जमले असताना कौसल्या पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेली. चूल सारवलेली होती. आणि चिमणी कोनाड्यात होती. तिनं ती उचलली. जड लागली. बूच घट्ट, बूड कोरडं, वात सरळ कापलेली आणि दोन्ही कोपरे किंचित उडवलेले. त्या कोनाड्यापुढं कौसल्या सतरा वर्षांची उभी होती आणि तिच्या हातात एक आख्खा पुरावा होता, आणि तिनं तो परत जागेवर ठेवला. अंगणात जमादार होता, त्याला तिनं एवढं म्हटलंच, "साहेब, चिमणी तं भरलेली हाय." तो म्हणाला, "पोरी, तुही बहीण गेली, तुहं डोकं ठिकाणावर नाही. जाय, बस बायायमध्ये." बापानं तिचा दंड धरला. 

मोठी होईलोक. नंदा मोठी किती झाली म्हणजे मोठी? सावत्र आईच्या हाताखाली ती वाढली, आणि दर सुट्टीत घाटंजीला यायची ती बबनरावांच्या मर्जीनं. एक शब्द वाकडा गेला तर तेही बंद. अठराव्या वर्षी सांगावं तर तिची बारावी. मग तिचं लग्न. लग्नात कन्यादानाला बाप पाहिजे. मग सलोनी पोटात. मग बापाचं वय. दर वेळी कौसल्याला कारण सापडलं आणि दर वेळी ते कारण खरंच होतं. तिनं बबनरावांना भाऊजी म्हटलं, वाढताना पोळीवर तूप वाढलं, त्यांच्या दुसऱ्या बायकोच्या लेकाच्या लग्नात आहेर नेला. गावात ते आता मोठे झाले होते; तंटे मिटवायला लोक त्यांना बोलावत. आता ओट्यावर बसून तिला वाटलं की कोकिळाला त्यांनी एकदा जाळली, आणि ती धांदरट होती हे आपण एकेचाळीस वर्षं त्यांना शांतपणे बोलू दिलं.  चिंचेनं बोटांना चीर पडली होती तिथं झोंबत होतं.

चार वाजता पाटावर दिवे मांडले. नंदानं भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवला, मांडीवर पोरं घेतलेली ती बाई. कणकेचे गोड दिवे वाफवून आणले, त्यात तूप घातलं, आणि सलोनीला पाटावर बसवून ओवाळलं. लेकरासाठी आईनं करायची पूजा. सलोनी लाजत, हसत बसली होती. नंदाचे डोळे भरून आले, ती म्हणाली, "मले कोणी ओवाळलं नाही अवसेले. आई असती तं..." आणि खुर्चीतून बबनराव कळवळून म्हणाले, "म्या किती सांगो तिले, चिमणी कोनाड्यात ठेवत जाय, खाली नको ठेवू. आयकेच नाही. पोरीले उघडं टाकून गेली."

"बबनराव," कौसल्या म्हणाली.

त्या हाकेनंच नंदानं मान वळवली. मावशीनं त्यांना कधी नावानं हाक मारली नव्हती.

"चिमणी कुठं होती त्या दिवशी?"

"आता कायचं आठवते व? चाळीस वर्षं झाली."

"मले आठवते. कोनाड्यात होती. भरलेली. बूच लावलेलं. तिसऱ्या दिवशी म्या माह्या हातानं उचलून पाह्यली. लवंडलेल्या चिमणीत तेल राह्यते काय, बबनराव?"

"नंदे, तुह्या मावशीले काही झालं काय? पाणी दे तिले."

"मले काही नाही झालं. झालं ते तिले झालं. तुमी रॉकेल टाकलं, तुमी काडी लावली, आणि वरून तिलेच धांदरट म्हणता. तिच्या पोरीच्या घरात, दिव्याच्या पाटासमोर!"

सलोनी पाटावरून उठली. नंदा हातात ताट घेऊन तशीच उभी होती. "मावशी, काय बोलून राह्यली तू? आजच्या दिवशी कायले..."

"तिनं सोता जबानी देल्ली," बबनराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. तंटा मिटवताना असतो तसा होता. "कागद हाय सरकारी. अन् मी तं घरी नव्हतोच. मी वावरात होतो, ओलित चालू होतं."

 ताटातला एक दिवा तडतडला. नंदा सावकाश म्हणाली, "बाबा, तुमी तं म्हणता, आईले विझवताना तुमचा हात भाजला."

बबनरावांनी उजवा हात डाव्या हाताखाली घेतला. "मंग आलो ना मी. बोंब आयकून आलो."

"वावर तं नाल्यापलीकडं हाय."

 कौसल्यानं सगळं सांगितलं, दवाखान्याची खिडकी, पायथ्याशी उभी सासू, रडणारी नंदा, शाईचं पॅड. सांगताना तिला वाटलं होतं की छाती मोकळी होईल. ती झाली नाही. उलट प्रत्येक वाक्याबरोबर राग नवा होत गेला, जणू हे सगळं आत्ता, पलीकडच्या खोलीत घडून राहिलं होतं. आणि सगळं सांगून झाल्यावर नंदा बापाकडे वळली नाही, तिच्याकडे वळली. "एकेचाळीस वर्षं," ती म्हणाली. "तुले माहीत होतं. त्यायच्या मांडीवर वाढली मी, तुले माहीत होतं. माह्या लग्नात त्यायनं माहा हात देल्ला, तू अक्षता टाकल्या. मले काहून नाही सांगतलं?" कौसल्याकडे कोकिळाचा 'बोलू नको' हा शब्द होता, कारण म्हणून देता आला असता. तिनं दिला नाही. "भ्याली मी," ती म्हणाली. "आधी तुह्यासाठी भ्याली. मंग सवय झाली." नंदा म्हणाली, "तू जाय मावशी. आता जाय." कौसल्या चप्पल घालून निघाली. मागं समया तशाच जळत होत्या.

नवऱ्याला तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. त्यानं ऐकून घेतलं, उठून तिच्यासाठी चहा ठेवला, आणि चहा देताना म्हणाला, "मलेही नाही सांगतलं तू." त्यात तक्रार नव्हती, पण तो कप तिला हातात धरवेना. पुढं महिनाभर नंदाचा फोन नाही. सलोनीचा एक मेसेज आला: आजोबा दिग्रसला परत गेले, आई कोणाशी बोलत नाही. कौसल्या रोज फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. कधी वाटायचं, आपण एका घराचा नास केला. आणि लगेच संताप यायचा, स्वतःवरच, की नास कोणी केला हेसुद्धा आपण अजून नीट म्हणत नाही. बाजारात भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, कोणी बायकांना धांदरट, वेंधळी, हलगर्जी म्हणालं की ती मागं वळून पाहायची. वर्तमानपत्रात कोपऱ्यात एखादी ओळ असायची, अमुक विवाहिता स्वयंपाक करताना भाजली. ती ओळ ती दोनदा वाचायची आणि तिला ते घर दिसायचं, सारवलेली चूल दिसायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळी अकराच्या सुमाराला नंदा आली. एकटीच. वाळली होती. दारातच म्हणाली, "बाबाले विचारलं म्या. त्यायचे डोळ्याचे थेंब मीच घालत होती ना, दिवसातून चारदा. दर वेळी विचारलं. चार दिवस म्हणत, तुही मावशी खोटी. पाचव्या दिवशी म्हणे, राग आलता." ती आत येऊन खाटेवर बसली. "राग आलता. बस, एवढंच. थेंब घातला, डोळा पुसून देल्ला, आणि त्यायले दिग्रसले पोचवून आली. म्हटलं, आता इकडं येऊ नका."

राग आलता.  त्यांना एक दिवस राग आला, त्यांनी तो तिच्यावर काढला, आणि पुढं एकेचाळीस वर्षं जेवले, झोपले, तंटे मिटवले. आणि आपल्याला एवढ्या वर्षांत आला तो राग कुठं ठेवायचा हे कोणी सांगितलं नाही.

"पोलिसात जाऊ काय?" नंदा म्हणाली. "वकिलाले विचारलं. म्हणे, कागदावर तिचीच जबानी, साक्षीदार मेले, तुमी अकरा महिन्यांच्या. करा म्हणे अर्ज, पण काही होणार नाही. तरी करणार हाय मी. तू येशील सही कराले?"

"येईन," कौसल्या म्हणाली. "आज चाल म्हटलं तं आज."

नंदानं मान हलवली. बाहेर पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरत होती, त्यांचा गलका आत येत होता. मग तिनं विचारलं, "मावशी, आई कशी मेली ते मले समजलं. आता ते कशी होती ते सांग. मले काहीच माहीत नाही."

कौसल्यानं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की पुढं येते ती चिमणीच. बूच, वात, कोपरे. एवढी वर्षं ती मनातल्या मनात एक खटला चालवत आली होती आणि त्यात बहिणीचं दुसरं काही ठेवायला जागा उरली नव्हती. त्या माणसानं तेही नेलं होतं. तिनं संतापानं कपाळ धरलं.  आणि मग कुठून तरी, कापसाच्या वावरातून, एक भसाडा आवाज आला.

"तिले गाता येत नव्हतं," कौसल्या म्हणाली.

"काय?"

"नाव कोकिळा, आणि आवाज फुटक्या भोंग्यासारखा. पण कापूस येचताना गायेच. मोठ्यानं. बायका म्हणत, व माय, चूप बस, कापूस काळा पडीन. कोणी ढेकूळ मारे. ते वाकून चुकवे आणि आणखी मोठ्यानं गाये. एकदा आरामशीनच्या मालकाची बाई वाटेनं चालली होती, थांबली, म्हणे कोणाले साप चावला काय?"

नंदाच्या तोंडातून एक आवाज निघाला. आधी रडण्यासारखा, मग नाही. ती हसत होती. एकदम, खरखरीत, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. "आणखी सांग," ती म्हणाली. कौसल्याही हसली, आणि हसता हसता तिच्या पोटातला राग तसाच होता, जागचा हलला नव्हता. पण आता त्याच्या शेजारी लग्नाआधीची एक पोरगी उभी होती, कमरेला कापसाचं फडकं बांधलेली, ढेकूळ चुकवणारी. कौसल्या उठली आणि पुढचं दार लावून घेतलं, बाहेरच्या गलक्यात एक शब्दही हरवू नये म्हणून.

"तिखट किती खाये, ते आयक," ती म्हणाली.